पाहण्याआधीच बोलायला हवं

येऊ घातलेल्या मराठी चित्रपटाबद्दल कुणी शंका काढली की उत्तर ठरलेलं असतं: आधी पाहा, मग बोला. निर्माते ते पत्रकार परिषदेत देतात, कलाकार मुलाखतीत देतात आणि अलीकडे चित्रपटवेडी मंडळीही एकमेकांना तेच सुनावू लागली आहेत. पाठोपाठ दुसरा ठपकाही येतो. मराठी सिनेमा मराठी माणसानंच मारला. दक्षिणेतला प्रेक्षक आपल्या सिनेमासाठी पहाटेच्या खेळाला रांग लावतो आणि तुम्ही पोस्टर लागायच्या आत नाक मुरडता.

मला यातलं काहीच मान्य नाही. महेश कोठारे यांनी ‘झपाटलेला’चा तिसरा भाग करायचं जाहीर केलं आहे आणि त्यात लक्ष्मीकांत बेर्डे यांना कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीनं पुन्हा पडद्यावर आणायचा मनोदय बोलून दाखवला आहे. तो मनोदय तडीस गेला तर हा चित्रपट निराश करील, असं मी त्याची एकही चौकट न पाहता म्हणतो. पाहून झाल्यावर हे बोलण्याला फारसा अर्थ उरणार नाही, म्हणून आत्ताच म्हणतो.

मुळात चित्रपट पाहण्याआधी मत बनवायला प्रेक्षकाला भाग कोण पाडतं? मुहूर्ताचा नारळ फुटतो त्या दिवसापासून आमच्याकडे मत मागितलं जातं. आधी नावाची घोषणा, मग पोस्टर, मग टीझर, मग ट्रेलर, मग गाणं, मग आगाऊ बुकिंग. प्रत्येक पायरीवर ‘कसं वाटलं?’ विचारलं जातं आणि ‘छान’ असं उत्तर आलं तर ते मोठ्या अक्षरांत छापलं जातं. तेव्हा कुणी म्हणत नाही की अजून चित्रपट पाहिलेला नाही, कौतुक आवरा. न पाहता केलेली स्तुती चालते आणि न पाहता काढलेली शंका मात्र अन्याय ठरते. शिवाय मराठी चित्रपटाला मल्टिप्लेक्समध्ये जेमतेम एक आठवडा मिळतो, त्यातही खेळ सकाळी नऊचा नाहीतर रात्री उशिराचा. पाहून आलेल्या शेजाऱ्याला विचारून जाऊ म्हटलं तर तोवर चित्रपट उतरलेला असतो. चौघांच्या कुटुंबानं एका संध्याकाळचे हजार-दीड हजार रुपये कशावर खर्च करायचे, हे त्यांना आधीच ठरवावं लागतं. आंबा घेताना गिऱ्हाईक तो नाकाशी धरून बघतं. विकणाऱ्यानं त्यावर चिडण्याचं कारण नाही.

आणि हा वास आम्ही हवेतून काढत नाही. ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ची आठवण करून देतो. डिसेंबर २०२२मध्ये अक्षय कुमारचं छत्रपती शिवाजी महाराजांच्या भूमिकेतलं पहिलं दर्शन घडवणारी चित्रफीत आली. मागे झुंबर होतं आणि झुंबरात विजेचे दिवे लागलेले होते. महाराजांचं निधन १६८०मध्ये झालं. विजेचा दिवा बाजारात यायला त्यानंतर दोनशे वर्षं जावी लागली. लोकांनी ते पहिल्याच दिवशी दाखवून दिलं, तेव्हाही ‘आधी चित्रपट येऊ द्या’ हाच सल्ला मिळाला. पण ती चित्रफीत प्रेक्षकानं चोरून पाहिलेली नव्हती. निर्मात्यांनी निवडून, सजवून, आमचा चित्रपट असा असेल म्हणून ती स्वतः समोर ठेवली होती. शेकडो जणांच्या चमूतल्या एकाही माणसाची नजर झुंबरावर गेली नाही, किंवा गेली आणि त्याला बोलता आलं नाही. इतिहासाचं काम कितपत गांभीर्यानं चाललं आहे हे समजायला एवढं पुरेसं होतं. तो चित्रपट २०२३च्या दिवाळीत येणार होता. आला नाही.

दुसऱ्या भागांचंही तेच. ‘दे धक्का’ २००८मध्ये आवडला, कारण त्यात खिशात पैसे नसलेलं एक कुटुंब खटारा गाडी ढकलत मुलीच्या नाचाच्या स्पर्धेसाठी मुंबईला निघालं होतं. गाडी बंद पडणं हाच त्या कथेचा प्राण होता. २०२२च्या दुसऱ्या भागात तेच कुटुंब लंडनला गेलं. पात्रं तीच, नावं तीच, पण ज्या अडचणीतून हसू फुटत होतं ती अडचणच गेली. ‘नवरा माझा नवसाचा’ एसटीतून गणपतीपुळ्याला गेला होता, दोन दशकांनी दुसरा भाग कोकण रेल्वेत बसला. लोक त्यालाही गेले, हे खरं आहे. ते जुन्या जिव्हाळ्यापोटी गेले. जिव्हाळ्यावर एकदा तिकीट विकता येतं, दरवेळी नाही. शिळ्या कढीला ऊत आणण्याचा हा उद्योग अधूनमधून पैसे देतो म्हणूनच तो थांबत नाही, आणि म्हणूनच प्रेक्षकानं जाहीरपणे कुरकुर करायला हवी.

तरीही ‘झपाटलेला’ची गोष्ट या सगळ्यांहून वेगळी आहे. तिथे प्रश्न केवळ कथा शिळी होण्याचा नाही.

१९९३चा ‘झपाटलेला’ आठवून पाहा. तात्या विंचू हा गुंड मरता मरता मंत्राच्या बळावर एका बाहुल्यात शिरतो. बाहुला येतो तो लक्ष्याच्या हाती, ज्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नाद आहे. कल्पना १९८८च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेली, पण त्यात जे मराठी रक्त भरलं गेलं ते चार-पाच माणसांच्या हातचं होतं. बाहुला रामदास पाध्ये यांनी घडवला. तात्या झाले दिलीप प्रभावळकर, आणि बाहुल्याच्या घशातून येणारा तो खरखरीत आवाजही त्यांचाच. आईच्या भूमिकेत मधू कांबीकर. आणि या सगळ्यांच्या मध्ये लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे.

बेर्डे यांनी त्यात काय केलं ते नीट पाहायला हवं, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. बाहुला बोलतो, हलतो, धमकावतो. पण लक्ष्याखेरीज कुणी खोलीत आलं की निर्जीव होऊन पडतो. म्हणजे प्रत्येक वेळी लक्ष्याला समोरच्याला न दिसणारी गोष्ट त्याच्याकडून मानून घ्यायची होती. तो आधी बाहुल्याकडे बघतो, मग दाराकडे, मग परत बाहुल्याकडे. वाक्य सुरू करतो आणि मध्येच गिळतो. आवाज चढायला लागतो आणि शेवटच्या शब्दावर एकदम बसतो. समोरचा विश्वास ठेवत नाही हे कळलं की त्याच्या डोळ्यांत आधी राग येत नाही, आधी लाज येते, राग नंतर. या क्रमामुळे आपण हसतो आणि त्याच वेळी त्याची काळजीही करतो. पाध्ये यांचा बाहुला निर्जीव होता हे आम्हा पोरांना ठाऊक नव्हतं असं नाही. तो जिवंत वाटला, कारण समोरचा माणूस त्याला खरोखर भीत होता.

हे कसब बेर्डे यांना कुणी दिलं नव्हतं. मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता त्यांनी रंगभूमीवर कामं केली, १९८३च्या ‘टूर टूर’नं ते नावारूपाला आले, आणि ‘धूमधडाका’ येईपर्यंत हशा कुठे उठतो, किती वेळ टिकतो, पुढचं वाक्य त्यावर केव्हा टाकायचं, याचा हिशेब त्यांच्या अंगात भिनला होता. तो समोर बसलेल्या माणसांकडून शिकलेला हिशेब होता. दरवेळी थोडा वेगळा, दरवेळी नव्यानं केलेला.

आता यंत्र काय करील? त्यांच्या शे-दीडशे चित्रपटांतले चेहरे, माना, हातवारे गोळा करील आणि त्यांची सरासरी काढून देईल. लक्ष्या गडबडला की साधारणपणे असा दिसतो, घाबरला की साधारणपणे असा. पण विनोदी नट साधारणपणे जे करतो ते सोडून त्या क्षणी दुसरंच काहीतरी करतो, म्हणून तर आपण हसतो. सरासरीतून नक्कल निघेल, आणि बेर्डे यांच्या नकला आम्ही गेली तीस वर्षं प्रत्येक गणेशोत्सवात पाहत आलो आहोत. त्या नकला करणाऱ्या पोरांचं प्रेम खरं असतं आणि ते स्वतःला लक्ष्या म्हणवून घेत नाहीत. पडद्यावरची आकृती मात्र ‘मीच तो’ म्हणून समोर येणार.

सगळ्यात जास्त खुपतं ते पुढचंच. ‘झपाटलेला’ची कथा काय होती? तात्या विंचूला बाहुल्यातून सुटायचं असतं आणि त्यासाठी त्याला लक्ष्याचा देह हवा असतो. लक्ष्याच्या शरीरात दुसरंच कुणी शिरून बसू नये म्हणून अख्ख्या चित्रपटाची धडपड आहे. तीस वर्षांनी त्याच मालिकेच्या पुढच्या भागात लक्ष्याचा चेहरा घेऊन त्यात त्याचं नसलेलं काहीतरी भरायचं, हा विचार ज्यांनी तो चित्रपट मनापासून केला त्यांनाच कसा सुचतो, हे मला कळत नाही.

कोठारे यांच्याबद्दल मला आदर आहे आणि तो जाता जाता म्हणून सोडून देण्याइतका लहान नाही. मराठी पडदा मोठा करायची हौस त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती. ‘धडाकेबाज’मध्ये त्यांनी लक्ष्याला बाटलीत उतरवलं, तेव्हा आमच्या गावच्या थिएटरात लोक उठून उभे राहिले होते. २०१३मध्ये त्यांनी ‘झपाटलेला २’ थ्रीडीत काढला. म्हणूनच त्यांच्या बाजूनं पहिला युक्तिवाद येतो तो तंत्रज्ञानाचा. बोलपट आला तेव्हाही लोक कुरकुरले, रंग आला तेव्हाही कुरकुरले. तुम्ही त्याच जातीचे. नाही, आम्ही त्या जातीचे नाही. दादासाहेब फाळके यांच्या १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंखे राम आणि सीता दोन्ही झाले होते. ती कॅमेऱ्याची किमया होती, पण दोन्ही वेळा कॅमेऱ्यासमोर साळुंखेच उभे होते. ‘धडाकेबाज’मधला बाटलीतला गंगाराम छायाचित्रणाच्या युक्तीनं एवढासा झाला, पण आत हातपाय झाडणारे बेर्डेच होते. तंत्रानं आजवर हजर असलेल्या माणसाचं काम मोठं केलं. इथे ते गैरहजर माणसाच्या जागी कामाला लावलं जाणार आहे. हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी बोलपटाचे दाखले देऊ नयेत.

असे प्रयोग इतरत्र होऊनही गेले आहेत, तेव्हा ‘काय होतं ते बघू तरी’ हेही म्हणायची सोय नाही. ‘रोग वन’ या २०१६च्या ‘स्टार वॉर्स’ मालिकेतल्या चित्रपटात १९९४मध्ये वारलेले पीटर कुशिंग परत आले. हालचाली गाय हेन्री या नटाच्या, वर चेहरा कुशिंग यांचा. जगातला उत्तमातला उत्तम चमू, पाण्यासारखा पैसा, आणि तरीही त्या दृश्यांत नजर पात्रावर ठरत नाही. ओठ नीट हलतात का, डोळे कुठे बघतात, हेच तपासत बसते. खलनायकाच्या बाबतीत ते एकवेळ खपून गेलं, त्याचं काम ताठ उभं राहून धाक दाखवायचं होतं. विनोदाला ते परवडत नाही. प्रेक्षक चेहरा तपासायला लागला की हशा मेला. २०२४मध्ये ‘गोट’ या तमिळ चित्रपटात काही महिन्यांपूर्वीच गेलेले विजयकांत असेच क्षणभर दिसले. टाळ्या पडल्या. त्या आठवणीसाठी होत्या आणि क्षणभरापुरत्या होत्या. क्षणभर फोटोसमोर हात जोडणं वेगळं, त्या फोटोकडून दोन-अडीच तास काम करून घेणं वेगळं.

‘घरच्यांची परवानगी घेऊनच करू’ हे दुसरं उत्तर. कायद्यापुरतं ते बरोबर असेल. पण परवानगीनं हक्काचा प्रश्न सुटतो, अभिनयाचा सुटत नाही. बेर्डे यांनी १९९२मध्ये ‘एक होता विदूषक’ केला. जब्बार पटेल दिग्दर्शक, पटकथा पु. ल. देशपांडे यांची. लोकांना हसवून हसवून स्वतः आतून रिता होत गेलेल्या सोंगाड्याची ती कथा. विनोदाच्या शिखरावर असताना, निर्माते दाराशी उभे असताना, त्यांनी ती भूमिका घेतली, कारण आपल्याला हेही येतं हे त्यांना दाखवायचं होतं. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही आणि लोकांनी त्यांना परत त्याच साच्यात ढकललं. नटाचा अभिनय कॅमेरा सुरू व्हायच्या आधीपासून चालू असतो: ही भूमिका करीन, ती नको, हे वाक्य माझ्या तोंडी असं नको, तसं द्या, हा विनोद मला बरा वाटत नाही. १६ डिसेंबर २००४ रोजी ते गेले आणि हे ‘नको’ म्हणणं थांबलं. आशा भोसले यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकला निघू लागल्या, तेव्हा २०२५मध्ये त्या मुंबई उच्च न्यायालयात जाऊ शकल्या. बेर्डे जाऊ शकत नाहीत. त्यांच्या पात्राच्या तोंडी उद्या एखादा पाचकळ संवाद घातला गेला तर तो हसण्यावारी नेणारं, दिग्दर्शकाला बाजूला घेऊन ‘हे काढूया’ म्हणणारं कुणी तिथे नसेल.

जिवंत कलावंताच्या बाबतीतही काय होतं ते आपण पाहिलं. ऑगस्ट २०२५मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती शेवट बदलून पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ चित्रपटात नायक मरतो. यंत्राच्या मदतीनं त्याला जगवलं गेलं. दिग्दर्शक आनंद राय यांनी विरोध केला, नायक धनुष यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली, आणि हक्क कंपनीकडे असल्यामुळे चित्रपट लागलाच. एवढी हयात माणसं ओरडत असताना हे झालं.

आता कुणी म्हणेल, आधीच विरोध करणारे तुम्ही आणि चित्रपट बंद पाडणारे ते, तुमच्यात अंतर किती? खूप आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये ठाण्यात ‘हर हर महादेव’चा खेळ बंद पाडला गेला, प्रेक्षकाला मारहाण झाल्याची तक्रार झाली. ‘छावा’च्या ट्रेलरमधलं लेझीम राजकीय दबावानंतर काढावं लागलं. ही दोन्ही कृत्यं मला साफ नामंजूर आहेत. मी कुणाला थिएटरात जाण्यापासून अडवत नाही, सेन्सॉरकडे अर्ज करत नाही, काच फोडायला कुणाला पाठवत नाही. मला या चित्रपटाकडून आशा नाही आणि का नाही, एवढं मी सांगतो. उलट, अशी बोलायची जागा जितकी कमी होते तितकी दगड उचलणाऱ्यांची सोय होते. तक्रार करणाऱ्या साध्या प्रेक्षकाला ‘आधी पाहा’ म्हणून गप्प बसवायचं आणि झुंडीपुढे मात्र रातोरात दृश्य कापायचं, ही आपल्या चित्रपटसृष्टीची सवय झाली आहे.

राहिला मराठी सिनेमा मारल्याचा आरोप. ‘श्वास’ कुणी उचलून धरला? ‘सैराट’मध्ये एकही नावाजलेला चेहरा नव्हता, नायिका शाळेत शिकणारी, शेवट छातीत धस्स करणारा; पन्नास कोटींचा टप्पा ओलांडणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. २०२३मध्ये ‘बाईपण भारी देवा’ला बायका घोळक्यानं, नऊवारी नेसून, मंगळागौरीला जावं तशा गेल्या, मध्यमवयाच्या सहा बहिणींच्या कथेवर कुणी मोठी पैज लावली नव्हती. २०२५मध्ये ‘दशावतार’साठी कोकणातच नव्हे तर मुंबई-पुण्यातही खेळ वाढवावे लागले. हे सगळे याच मराठी प्रेक्षकानं चालवले. कुणाच्या शंकेनं चांगला चित्रपट पडल्याचं मला एकही उदाहरण आठवत नाही. जाहिरातीच्या जोरावर गर्दी खेचून लोकांना हिरमुसलं करून घरी पाठवणारे चित्रपट मात्र मला पुष्कळ आठवतात, आणि पुढच्या चांगल्या चित्रपटाची खुर्ची रिकामी राहते ती त्यांच्यामुळे.

‘दशावतार’चं नाव मुद्दाम घेतलं. त्यात मुख्य भूमिकेत दिलीप प्रभावळकर आहेत, वयाच्या ऐंशीनंतर, जंगलात, रंगवलेल्या चेहऱ्यानं, अंगातली सगळी ताकद लावून उभे. तात्या विंचूचा आवाज आजही आपल्यात आहे आणि तो काय करू शकतो हे डोळ्यांनी दिसलं आहे. पाध्ये यांच्या घरात बाहुल्यांची कला पुढच्या पिढीनं उचलली आहे. तिसरा भाग करायचाच तर या जित्याजागत्या माणसांना घेऊन करता येतो. लक्ष्या त्यात नसेल. गावाला, त्याच्या माणसांना, अगदी तात्यालाही त्याचं नसणं जाणवू दे. त्याच्या नसण्यावर लिहायला धाडस लागेल, पण ते लेखकाचं काम आहे, यंत्राचं नाही.

आणि लक्ष्याला पडद्यावर आणायचीच तळमळ असेल तर त्याला सरळ रस्ता आहे. सप्टेंबर २०२४मध्ये ‘तुंबाड’ सहा वर्षांनी थिएटरात परत लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. ‘झपाटलेला’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘धडाकेबाज’ आज जिथे मिळतात तिथे चित्र धूसर, रंग उडालेले, आवाज फाटलेला. मूळ निगेटिव्ह शोधून, चौकट न् चौकट साफ करून, आवाज दुरुस्त करून हे चित्रपट मोठ्या पडद्यावर आणता येतात. हे काम करणारी माणसं आणि यंत्रं आपल्या देशात आहेत, पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ‘एक होता विदूषक’ तर आजच्या पंचविशीतल्या बहुतेकांनी पाहिलेलाच नाही. नव्या लक्ष्यासाठी जो पैसा बाजूला काढला जाणार आहे तो आधी इथे लावा, आणि हे काम तिसऱ्या भागाच्या चित्रीकरणापूर्वी हाती घ्या.